एका तहानेची दोन चित्रे : 'अमर चित्र कथा' आणि 'भीमायन'

(पिंपळगाव बसवंत येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो यांच्या बाजारभावाची चिंता वाहणाऱ्या या गावात चित्रकथा हा व्याख्यानाचा विषय व्हावा, याचे काहींना नवल वाटेल. चित्रकथा म्हणजे पोराबाळांची करमणूक, सुट्टीतला वेळ घालवण्याचे साधन, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः मुलाच्या मनात एखाद्या महापुरुषाची जी पहिली मूर्ती बसते, ती पुष्कळदा चित्रातूनच बसते. पुढे ग्रंथ वाचले, व्याख्याने ऐकली, तरी ती पहिली मूर्ती सहसा पुसली जात नाही. म्हणूनच ती कोणी घडवली आणि कशी घडवली, हे वडीलधाऱ्यांनी पाहिले पाहिजे.

आजचा विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन चित्रकथांचा आहे. पहिली 'अमर चित्र कथा' मालिकेत १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखन एस. एस. रेगे यांचे आणि चित्रे दिलीप कदम यांची. दुसरी 'भीमायन'. ती २०११ साली दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने काढली. तिची संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी सिद्ध केली आणि चित्रे काढली मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजाचे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने. एकच चरित्र बत्तीस वर्षांच्या अंतराने दोनदा रेखाटले गेले. त्या दोहोंत काय बदलले आणि काय हरवले, हे पाहण्यासारखे आहे. आणि ते पाहायला नाशिक जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नसेल. येथून तीसेक किलोमीटरवर पंचवटीचे काळाराम मंदिर आहे. निफाड, विंचूर ओलांडले की येवला येते. शेजारच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे हे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे जन्मगाव.

आधी जुन्या चित्रकथेविषयी. अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती अचूक सांगता आली, परंतु प्रभू रामचंद्रांच्या मातेचे नाव सांगता आले नाही. त्या प्रसंगाची खंत या उपक्रमाच्या मुळाशी होती, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. साहजिकच मालिकेचा प्रारंभीचा भर पुराणकथांवर राहिला, पुढे शिवराय, राणा प्रताप, संत आणि क्रांतिकारक आले. त्याच रांगेत, त्याच आकारात आणि त्याच बत्तीस पानांत १९७९ साली बाबासाहेब आले.

हे साल ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या काळात एका विद्यापीठाच्या कमानीवर ते नाव सहन होत नव्हते, त्या काळात ते नाव मध्यमवर्गीय घरातील मुलांच्या कपाटात राम, कृष्ण आणि शिवाजी यांच्या शेजारी जाऊन बसले. ज्या घरांत बाबासाहेबांचे छायाचित्र कधी लागले नसते, त्या घरांत ते पुस्तक गेले. काही टीकाकार म्हणतात की, अशा रांगेत बसवून त्या मालिकेने बाबासाहेबांची धार बोथट केली. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. शेजारी बसवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आता त्या चित्रकथेची मर्यादा. तिची मांडणी चरित्राच्या सरळ रस्त्याने जाते. बालपण, शाळेतील अपमान, परदेशातील शिक्षण, महाड, पुणे करार, राज्यघटना, धर्मांतर. प्रत्येक प्रसंगाला चार-सहा चौकटी मिळतात आणि कथा पुढे सरकते. चौकटी सारख्या, रेषा ठसठशीत, चेहरे सुबक, आणि वर निवेदनाची पट्टी. मूल वाचत जाते आणि त्याच्या मनात नकळत एक हिशेब तयार होतो : मुलाचा अपमान झाला, मुलगा शिकला, मोठा झाला, त्याने देशाची घटना लिहिली. म्हणजे अपमान हा जिन्याची पायरी ठरतो. नायक वर चढून गेला की पायरी मागे राहते, आणि बत्तिसावे पान मिटताना वाचकाला वाटते की तो प्रश्नही मिटला. हा दोष एकट्या रेगे-कदम यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. थोर पुरुषाचे चरित्र बत्तीस पानांत सांगायचे म्हटले की ते असेच होते. शिवचरित्राचेही असेच होते, फक्त तेथे ते खुपत नाही.

शिवाय एक महत्त्वाची गोष्ट. बाबासाहेबांनी आपल्या वाट्याला आलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांचे एक छोटे आत्मकथनपर टिपण इंग्रजीत लिहून ठेवले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्याचे नाव. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ऐकून ठाऊक असते, परंतु ती कशी चालते याची कल्पना त्याला येत नाही, म्हणून काही प्रसंगच सांगावेत, असा त्यामागचा हेतू. हे टिपण पुस्तिकारूपाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले ते १९९० साली. पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या बाराव्या खंडात, १९९३ साली, ते समाविष्ट झाले. १९७९ च्या वाचकाच्या हाती ते नव्हते. 'भीमायन' मात्र याच टिपणावर उभे आहे. त्यामुळे या दोन चित्रकथांची तुलना करताना दोघींनाही या टिपणाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. मूळ तेच आहे.

'भीमायन'कारांनी चरित्राचा सरळ रस्ता सोडून दिला. त्यांनी पुस्तकाचे तीन भाग पाडले : पाणी, निवारा आणि प्रवास. जन्म, शिक्षण, पदे, सन्मान या क्रमाऐवजी माणसाला जगण्यासाठी लागणाऱ्या तीन साध्या गोष्टी, आणि त्या तिन्ही कशा नाकारल्या गेल्या त्याचे प्रसंग. पाण्याच्या भागात शाळा, गोरेगावचा प्रवास आणि महाड. निवाऱ्याच्या भागात बडोदे. प्रवासाच्या भागात चाळीसगाव आणि दौलताबाद. घटनाकार बाबासाहेब येथे अखेरीस डोकावतात, परंतु पुस्तकाचा जीव त्यांच्यात नाही. तो तहानलेल्या नऊ वर्षांच्या मुलात आहे.

चित्रांविषयी थोडे विस्ताराने बोलावे लागेल. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ज्या परधान समाजातून आले, तो समाज परंपरेने गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा 'बाना' नावाच्या वाद्यावर गाणारा. आपल्या विदर्भातही परधान आहेत. भिंतीवर चित्रे काढण्याची त्यांची कला कागदावर आली ती प्रामुख्याने जनगढसिंह श्याम यांच्यामुळे, आणि आज तिला जगभर मान आहे. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. अशा कलावंतांना जेव्हा कॉमिकच्या चौकटी आखून द्यायचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी आपली पात्रे डब्यात कोंडायला नकार दिला. त्यामुळे 'भीमायन'च्या पानावर चौकटीच नाहीत. भिंतीवरील 'दिग्ना' या मंगल नक्षीची वळणदार पट्टी पानातून वाहत जाते आणि प्रसंगांना वेगळे करते.

आगगाडी नागासारखी सरपटते. किल्ला श्वापदासारखा बसलेला असतो. तहानलेल्या भीमाच्या अंगात मासा शिरतो. संवादाचे फुगेही तीन तऱ्हांचे आहेत. सौम्य माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते आणि मनातल्या विचाराला डोळा असतो. ही कल्पना एवढी सहज आहे की अक्षरओळख नसलेल्या मुलालाही कोण कसे बोलतो आहे हे कळते.

तथापि येथेच मूळ टिपण उघडून पाहिले पाहिजे. १९०१ च्या सुमाराची हकीकत. भीमरावांचे वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत भीमराव आणि बरोबरची भावंडे त्यांच्याकडे निघाली. अंगात नवे कपडे, डोक्यावर झगमगीत टोप्या. मसूर स्थानकावर उतरली, तर न्यायला कोणीच नाही, कारण पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. पोशाखावरून स्टेशनमास्तरांनी मुलांना ब्राह्मणांची मानले आणि आपुलकीने चौकशी केली. 'आम्ही महार' असे उत्तर येताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. गाडीवान मुलांना गाडीत घ्यायला तयार होईनात, दुप्पट भाडे देऊ केले तरी होईनात. पण पुढे काय झाले? अर्ध्या तासाने तेच स्टेशनमास्तर पुन्हा आले. त्यांनीच विचारले, तुम्हाला गाडी हाकता येते का? मुलांनी हो म्हणताच त्यांनीच एका गाडीवानाशी बोलणे केले : दुप्पट भाडे, कासरा मुलांच्या हाती आणि गाडीवान पायी चालणार.

या स्टेशनमास्तरांच्या तोंडी कोणता फुगा द्यायचा? पक्ष्याचा की विंचवाचा? चेहरा फिरवणारा आणि वाट काढून देणारा माणूस एकच आहे. त्याला त्या मुलांची दया आली, आणि त्यांचा स्पर्शही नकोसा झाला. बाबासाहेबांनी हे दोन्ही लिहिले, कोणतेही विशेषण न जोडता. अस्पृश्यतेचे खरे भय येथे आहे. ती पाळणारा माणूस बहुधा दुष्ट नव्हता. तो चांगल्या घरातला, देवभोळा, मुलाबाळांवर माया करणारा माणूस होता. आपल्या आजोबा-पणजोबांसारखा होता. विंचवाची नांगी दाखवली की वाचकाला सुटका मिळते : तो विंचू होता, मी नाही. चित्रभाषा म्हणून ती कितीही प्रभावी असो, मूळ टिपणाचा तटस्थपणा तिच्यात पूर्ण मावत नाही.

मात्र तहानेच्या बाबतीत 'भीमायन' मुळाच्या अगदी जवळ जाते. त्या प्रवासात मुलांजवळ खाण्याचा डबा होता. पाणी नव्हते. वाटेत जे सापडले ते गुरांच्या शेणामुताने भरलेले, दुर्गंधीचे डबके. रात्री टोलनाक्याशी पोहोचल्यावर भीमरावांनी उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरीही नाकेदाराने पाणी दिले नाही. डबा शेजारी असून पोरे उपाशी निजली. आजच्या शेतकऱ्याच्या मुलाला कदाचित 'अपमान' हा शब्द दूरचा वाटेल, परंतु उन्हाळ्यात गाडीवर दिवस काढून घोटभर पाणी न मिळणे म्हणजे काय, हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जुनी चित्रकथा हा प्रवास उरकून पुढे जाते, कारण तिला लंडन-न्यूयॉर्क गाठायचे असते. 'भीमायन' तेथेच थांबते, आणि पानभर पाणी, मासे, पंप, रांजण काढत बसते.

दुसरा प्रसंग मनमाड-नांदगावच्या पुढचा, चाळीसगावचा. साल १९२९. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीवर होते. धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावी उतरले. तेथील बांधवांनी आग्रह केला की आजची रात्र आमच्या वस्तीत राहा. वस्ती स्थानकापासून फार दूर नव्हती, तरी त्यांना तासभर थांबवून ठेवले. मग टांगा आला. टांगा भरधाव, एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली, आणि पुढे नदीवरच्या फरशीवर चाक अडकून बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत. नंतर उलगडा झाला तो असा : एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतील लोकांना लाजिरवाणे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही, आणि कधी टांगा न हाकलेल्या माणसाने लगाम हाती घेतला.

या प्रसंगातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष असा की, हलकेसलके काम करणारा टांगेवालाही स्वतःला एका बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ मानू शकतो, कारण तो बॅरिस्टर अस्पृश्य आहे. यात संताप आहेच, पण टिपणात त्याहून ठळकपणे दिसते ती वस्तीतील लोकांची माया. पाहुण्याचा मान राखण्यासाठी त्यांनी त्याचा जीव धोक्यात घातला, हे बाबासाहेब ओळखतात, आणि त्यांना बोल लावत नाहीत. शिक्षणाने सारे प्रश्न सुटतात, असे मानणाऱ्या चरित्रपद्धतीला हा प्रसंग अडचणीचा आहे. कारण येथे जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचलेला माणूस पुन्हा तळाशी फेकला जातो. 'भीमायन'च्या प्रवासखंडात हा टांगा येतो, आणि तो पाहताना मसूरची बैलगाडी आठवल्याखेरीज राहत नाही. दोन्हीकडे वाहन मिळाले, सारथी मिळाला नाही. मधे अठ्ठावीस वर्षे गेली होती.

बडोद्याचा आणि दौलताबादचा प्रसंग सांगताना एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. बडोद्यात परदेशातून पदवी घेऊन आलेल्या बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेतलेल्या पारश्यांनी बाहेर काढले. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदावर हातपाय धुतले म्हणून एक वृद्ध मुसलमान ओरडत धावून आला. बाबासाहेबांनीच लिहिले की, हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशी आणि मुसलमान यांनाही अस्पृश्य. ही वाक्ये वाचून काहींना हायसे वाटते : पाहा, दोष केवळ आमचा नाही. हे हायसे वाटणे खोटे आहे. रोग शेजाऱ्याच्या घरी पोहोचला म्हणून तो आपल्या घरात जन्मलाच नाही, असे होत नाही. आणि शेजारी जर आपल्याकडूनच तो शिकला असेल, तर दोष कमी होत नसून वाढतो. 'भीमायन'ने हे दोन्ही प्रसंग लपवले नाहीत, ही त्या पुस्तकाच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. त्याच्या कर्त्यांचे वैचारिक कूळ या साप्ताहिकाच्या वाचकाला मानवणारे नसेल, तरीही हे मान्य केले पाहिजे.

त्या पुस्तकाचा कच्चा भाग दुसरीकडे आहे. मूळ प्रसंगांभोवती आजच्या काळातले एक संभाषण गुंफले आहे. आरक्षणाविषयी कुरकुर करणारा एक तरुण, आणि त्याला इतिहास सांगणारी एक स्त्री. हे संभाषण पुष्कळदा पत्रकासारखे होते. तो विचारतो ते तिला उत्तर देता यावे म्हणूनच. चित्रांना जे साधले ते या शब्दांना साधत नाही. त्यांच्या जोडीने येणारी वर्तमानपत्रांची कात्रणे मात्र आवश्यक आहेत. त्यांत २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आहे, भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या आहे. 'हे सारे जुने झाले' असे म्हणणाऱ्याला तारीख दाखवण्यावाचून दुसरा उपाय नसतो. हे महाराष्ट्रात घडले, संतांच्या भूमीत घडले, आणि त्याचा उच्चार करताना मान वर ठेवता येत नाही.

मग मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जुनी चित्रकथा द्यावी. तिच्यात कथा आहे, वेग आहे, आणि एक माणूस किती उंच जाऊ शकतो याचे दर्शन आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'भीमायन' द्यावे, आणि पाने उलटायला घाई करू नये असे सांगावे, कारण चौकटी नसल्यामुळे प्रारंभी वाट सापडत नाही. आणि त्याच्या आईवडिलांनी मूळ टिपण वाचावे. ते इतके छोटे आहे की एका बैठकीत संपते.

नाशिककरांसाठी एक काम मात्र शिल्लक आहे. पाणी, निवारा, प्रवास या त्रयीत देवळाचे दार नाही, कारण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त ते नाही. ते आपल्या जिल्ह्याच्या वाट्याचे आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधलेल्या त्या मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांच्यासारखे याच मातीतले कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, लढा वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्या पाच वर्षांत नाशिकच्या हिंदू समाजाने दार उघडले असते तर येवल्यात काय बोलले गेले असते, हा प्रश्न या जिल्ह्यातील प्रत्येक सज्जनाने स्वतःला एकदा विचारावा.

या लढ्याची चित्रकथा जिल्ह्यातीलच एखाद्या तरुण चित्रकाराने काढावी. त्याला साहित्य भरपूर आहे. सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, आणि त्यांना मंदिराच्या चार दरवाजांवर बसवले होते. पुरुषांची नावे कागदोपत्री थोडीफार सापडतात. त्या पंचवीस स्त्रिया कोणत्या गावच्या होत्या, त्यांनी सोबत भाकरी आणि पाणी कोठून आणले होते, हे निफाड-दिंडोरीच्या वस्त्यांतील वृद्धांच्या घरी जाऊन विचारावे लागेल. ज्यांनी ते आपल्या आईकडून, आजीकडून ऐकले अशी माणसे अजून आहेत, पण ती आता फार थोडी राहिली आहेत.